अंगठ्याला तोड नाही

गेल्या वर्षापर्यंत पाऊस उघडला की लोणावळ्यात माझी पंचाईत सुरू व्हायची. चार महिने इथे कोणालाच काही ऐकू येत नाही. पत्र्यांवर पाऊस, ताडपत्र्यांवर पाऊस, पन्हळीतून पाऊस. दुकानदार ओरडून बोलतो, गिऱ्हाईक ओरडून विचारतं, शाळेत बाईही ओरडतात आणि मुलीही. "काय म्हणालात?" हा प्रश्न गावात इतक्यांदा विचारला जातो की त्यात माझाही एक खपून जातो. फोन आला तर "रेंज नाही गं, धुकं आहे" म्हणून ठेवून देता येतो. धुक्याचा आणि रेंजचा काय संबंध, हे आजवर मला कोणी विचारलेलं नाही. मग दिवाळीच्या आगेमागे केव्हातरी पाऊस निघून जातो, हवा कोरडी होते, खाली मावळात भात पिवळं पडतं आणि सगळ्यांना एकमेकांचं बोलणं स्वच्छ ऐकू यायला लागतं. मला सोडून.

काल शाळेतून येताना बाजारात पेंढ्याने भरलेला टेम्पो उभा होता. नव्या पेंढ्याचा वास ओळखायला कान लागत नाहीत. थोडा गोड, थोडा ओलसर, नाकात कुसळ गेल्यासारखा टोचणारा. मी त्या वासात उभी राहिले आणि मागच्या वर्षीची कापणी जशीच्या तशी समोर आली. लाज वाटली की माणसाचे कान तापतात म्हणे. माझे तापले. निदान तेवढं काम ते अजून चोख करतात.

आम्ही तिघं कॉलेजपासूनचे मित्र: सलमा, दत्ता आणि मी, शुभा. सलमाच्या मोठ्या भावाचं लोणावळ्याच्या बाजारात रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. आता ते सलमा चालवते आणि तिथे मोबाइल आणि स्पीकर दुरुस्त होतात. दत्ता कामशेतच्या पलीकडचा, पवनेच्या वाटेवरच्या एका गावातला. देहूरोडच्या डेपोत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी घरची भातशेती. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. तिघांच्या संसारात, नोकरीत, स्वभावात सारखं असं काहीच नाही. आम्हाला एकत्र बांधलं ते एका बेवारशी कॅसेटने.

तुंगार्लीच्या कुठल्याशा बंगल्यात उतरलेल्या पाहुण्याने दुकानात टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकला आणि न्यायला तो आलाच नाही. आत कॅसेट होती. तिच्यावर नाव नाही, गाव नाही. एक म्हातारा गळा, परकी भाषा आणि गिटार. कॉलेज सुटलं की आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती ऐकायचो. शब्द कळत नव्हते. दत्ताचं पक्कं मत होतं की वाजवणारे दोघं आहेत.

"एक जन ठोकतोय, एक जन बोलतोय," तो म्हणाला. "एकट्याचं काम न्हाई ह्ये."

सलमाच्या भावाने समजावलं की माणूस एकच आहे. अंगठा जाड तारांवर ठेका धरतो, बाकीची बोटं बारीक तारांवर गाणं म्हणतात. दत्ताने जरा वेळ डोळे मिटून ऐकलं आणि मग त्याचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "म्हंजी अंगठा झोडनी करतोय," तो म्हणाला, "आन बोटं खळ्यावर गप्पा हानत्यात!" या संगीताबद्दल इतकं नेमकं वाक्य मी त्यानंतर कुठे ऐकलेलं नाही.

पुढे फोन आले, फोनवर सगळ्या जगाचं गाणं आलं आणि एक दिवस सलमाने शोधून काढलं की याला रूट्स म्युझिक म्हणतात. मुळांचं संगीत. दत्ता म्हणाला, "मुळ्याचं?" झालं. फोनवरच्या आमच्या तिघांच्या ग्रुपचं नाव 'मुळा' पडलं ते आजतागायत. परकी नावं जिभेवर बसेनात, म्हणून वाजवणाऱ्यांनाही आम्ही आमच्याच घरातली नावं दिली. तारांवरून बाटलीचा गळा घासत रडल्यासारखा सूर काढणारा तो बाटलीआबा. वाळवंटातला, डोक्याला भलंमोठं फडकं गुंडाळणारा तो वाळूभाऊ. पडवीत खुर्ची टाकून वाजवणारी, एखाद्या लेकुरवाळ्या घरातली वाटावी अशी बाई, ती मावशी. आणि बारीक तारांवर इतकं हलकं वाजवणारा की वाजतंय की वाटतंय ते कळू नये, तो सलमाचा लाडका रेशीमभाऊ. सलमाच्या लग्नात आम्ही बाटलीआबाबद्दल इतक्या जिव्हाळ्याने बोलत होतो की तिच्या सासरच्या मंडळींना तो दत्ताच्या गावचा कोणी दारुडा नातेवाईक वाटला.

दरवर्षी भात झोडून घरात आलं की एका रविवारी दत्ताच्या खळ्यावर 'नव्या'ला, म्हणजे नव्या भाताच्या जेवणाला, जमायचं, हा आमचा नेम. दत्ताची आई नव्या तांदळाची भाकरी आणि इंद्रायणीचा मऊ भात करते. तिलाही आम्ही दोघी मावशीच म्हणतो. जेवणं झाली की पेंढ्याच्या गंजीवर स्पीकर ठेवायचा आणि प्रत्येकाने वर्षभरात सापडलेला एकेक नवा माणूस ऐकवायचा. वाजत असताना बोलायचं नाही. संपलं की दत्ता विचारतो, "काय घावलं?" मग प्रत्येकाने आपल्याला सापडलेली एक जागा सांगायची. नुसतं छान आहे म्हणून सुटका नाही. सलमाला नेहमी शेवटचा सूर विरतानाचं काहीतरी घावतं. दत्ताला चूक घावते. वाजवणारा कुठे घसरला आणि कसा सावरला, ते तो बरोबर पकडतो. आणि मला?

मला अंगठा घावतो. सुरुवातीला सगळं घावायचं. मग केव्हा कोण जाणे, बोटांच्या गप्पा कमी व्हायला लागल्या. मला वाटलं, रेकॉर्डिंगच जुनं आहे. मग वाटलं, सलमाचा स्पीकर गेला. तिला तसं सांगितलंही. बिचारीने उघडून पाहिला, पुसला, परत लावला. "ठीक तर आहे गं," ती म्हणाली. मी म्हटलं, "हां, आता बरा वाटतोय." बरा कसला वाटतोय! तोच धपधप अंगठा आणि त्याच्यावर काहीच नाही, खळ्यात झोडणी चालू आणि माणसं सगळी घरी गेलेली.

मग मी अंगठ्याची जाणकार झाले. काहीही वाजलं की मी अंगठ्याबद्दल बोलायची. हा अंगठा जरा मागून येतो, हा थांबतो, हा लंगडतो. बोलता बोलता मला त्यातलं खरंच कळायला लागलं, हेही खोटं नाही. शाळेतही हुशारी वाढली. मुलींचे बारीक आवाज पोचेनात, तेव्हा मी नियम केला की उत्तर तोंडी द्यायचं नाही, फळ्यावर येऊन लिहायचं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, बाईंची पद्धत फार चांगली आहे, मुली धीट होतात. मी मान खाली घालून कौतुक घेतलं.

डॉक्टरकडे का गेले नाही? चष्मा लागला तेव्हा सगळ्यांना दाखवत फिरले होते. कानाचं मात्र कोणाला सांगवेना. डोळे गेले तर माणसं रस्ता ओलांडून देतात. कान गेले तर हसतात. लहानपणी आमच्या गल्लीत एक ठार बहिरे काका होते, आणि आम्ही पोरं त्यांच्यासमोर नुसते ओठ हलवून दाखवायचो. ते गोंधळून "हां, हां" म्हणायचे आणि आमची हसून मुरकुंडी वळायची. मला ते "हां, हां" व्हायचं नव्हतं. शिवाय आमच्या ग्रुपची सगळी मिजास कानावर. ज्या घरात गाण्याशिवाय बोलणं नाही, तिथे बहिऱ्याने काय बसून पेंढा राखायचा?

तर मागच्या वर्षीची कापणी. शाळेत सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. फोन थरथरला. मुळा ग्रुपवर दत्ताने आवाजाची फीत टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, "मावशीचं ऐका."

मी फोन कानाला लावला. धप् धप्. धप् धप्. मागे कुठेतरी काहीतरी पुटपुट. मध्येच ठेका थांबायचा, परत सुरू व्हायचा. पडवीतल्या मावशीचं जुनं काहीतरी असणार, खराब रेकॉर्डिंग. पण अंगठा मात्र काय खणखणीत! दोन वेळा ऐकलं. आणि स्टाफरूममध्ये बसून, पेपरांच्या गठ्ठ्यावर फोन टेकवून, मी झटक्यात लिहिलं:

"वा! मावशीच्या अंगठ्याला तोड नाही. मधेच थांबतो आणि परत असा काही पडतो की बस! असाच चालू दे म्हणावं."

खाली टाळ्या वाजवणारे हात टाकले. तेही भरपूर.

सलमा काहीतरी लिहीत असल्याचं दिसलं. मग थांबली. परत लिहायला लागली. परत थांबली. बऱ्याच वेळाने दत्ताचं उत्तर आलं: "या रविवारी दोघी. नवं हाय." मला जरा चुकल्यासारखं वाटलं. इतकी चांगली जागा सांगितली आणि कोणी दाद नाही! रुसवाच आला म्हणा ना. मग पेपर तपासायला घेतले.

रविवारी लोकलने कामशेतला उतरलो, तिथून दत्ताच्या स्कूटरवर तिघं. वाटेत कापलेल्या वावरात भाताचे खुंटासारखे धस राहिलेले, काही ठिकाणी अजून भारे पडलेले. खळ्यावर दत्ताचे भाऊबंद झोडणी आवरत होते. दोघं समोरासमोर उभे राहून फळीवर पेंढी आपटायचे, एकाची पडली की दुसऱ्याची. धप् धप्. मी ऐकलं आणि पाय जागीच थांबले. हा अंगठा मी ओळखत होते. ठेका धरणारा, मध्येच थांबणारा, पेंढी बदलली की परत पडणारा.

तेवढ्यात ओट्यावरून मावशी, म्हणजे दत्ताची आई, उठून आली. डाव्या हाताच्या अंगठ्याला पांढरी पट्टी बांधलेली, जाडजूड. तिने तो अंगठा माझ्या नाकासमोर धरला आणि हसली.

"बग," ती म्हणाली, "ह्योच. तोड न्हाई म्हनलीस न्हवं!"

इतक्या जवळून, समोर तोंड करून बोलली म्हणून कळलं. मावशीची सून, म्हणजे दत्ताची बायको, शेजारी उभी होती, तिने भरीत भर घातली, "आत्यानला मी वाचून दावलं तुमचं. लय हसलो आमी." सुनेच्या बोलण्यातून मग एकेक उलगडत गेलं. कापणीत विळा बसला, टाके पडले. मावशीने खळ्यावरूनच दत्ताच्या फोनात निरोप भरला होता की असं असं झालं, भाकरी औंदा सून थापेल, पण नव्याला तुम्ही याच. आणि त्या निरोपाला मी टाळ्या वाजवल्या होत्या. असाच चालू दे म्हणावं.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते मला तेव्हा कळलं. पण धरणी मावळातली. भात कापल्यावर दगडासारखी टणक होते. तेव्हा तरी सांगायचं होतं. सगळे समोर होते, हसत होते, याच्याहून सोपी वेळ कुठली? मावशी, मला ऐकू येत नाही हो. एवढंच. तेही जमलं नाही. मी काय म्हणावं?

"मस्करी केली हो मावशी."

म्हणजे बहिरी ठरण्यापेक्षा दुष्ट ठरणं मला परवडलं. मावशीने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग चांगल्या हाताने माझा गाल चाचपला. "व्हय गं. मस्करीच," ती म्हणाली, आणि भात वाढायला आत गेली.

इंद्रायणीचा वास घरभर सुटला होता, तुपाची धार होती, आणि मी नुसता भात कालवत होते. जेवणानंतर सलमाने स्पीकर ठेवला. एक नवा माणूस, अंगठ्याचा पक्का. दत्ताने आणलेला तोही अंगठ्याचाच. मी सलमाला विचारलं, "तुझा रेशीमभाऊ कुठे गेला गं? बऱ्याच दिवसांत आणला नाहीस." ती स्पीकरच्या वायरीशी खेळत म्हणाली, "आता नाही आवडत तो इतका." मला वाईट वाटलं. माणसाच्या आवडी अशा कशा आटतात, असंही मनात आलं. दत्ताने विचारलं, "काय घावलं?" आणि मी नेहमीप्रमाणे अंगठ्यावर बोलले.

त्यानंतर वर्षभर तो पांढरा अंगठा माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही. शेवटी या श्रावणात गेले डॉक्टरकडे. मुकाट्याने, घरीसुद्धा न सांगता. डॉक्टरीण बाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, आवाज ऐकवले आणि मग कागदावरची रेघ दाखवली. सुरुवातीला सपाट आणि मग खंडाळ्याच्या घाटासारखी एकदम खाली. "जाड आवाज शाबूत आहेत," त्या म्हणाल्या, "बारीक गेलेत. माणसांचं बोलणं बरंचसं बारीक आवाजात असतं." गिटारचंही, असं मी म्हणाले नाही. कानामागे बसणारं मशीन मिळालं. त्यावर केस सोडले. या वयात केस मोकळे सोडून शाळेत जाते म्हणून सहकारी शिक्षिका डोळे मिचकावतात. मिचकावू देत.

मशीन लावून पहिल्या दिवशी वर्गात गेले आणि कळलं की मागच्या बाकावरच्या मुली माझ्या तासाला चक्क गाणी म्हणतात. दबक्या आवाजात वगैरे नाही, नीट, ताल धरून. बहुधा वर्षभर म्हणत असाव्यात. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि खडूचा खरखराट ऐकत राहिले, कारण वळायची हिंमत होईना. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मी एकटी लपवत होते.

घरी येऊन रेशीमभाऊ लावला. फार आशेने लावला. पातेल्यात चमचे पडत राहावेत तसं काहीतरी वाजलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, मेंदूला सवय व्हायला वेळ लागेल, धीर धरा. धरतेय. रोज संध्याकाळी थोडं लावते. रेशीम अजून काही हाती लागलेलं नाही. माणसांचं बोलणं मात्र परत आलंय, सगळं, नको तेवढं.

आणि काल तो पेंढ्याचा टेम्पो. घरी येऊन बघते तर मुळा ग्रुपवर दत्ताचा निरोप: "या रविवारी. नवं हाय." दरवर्षीचेच शब्द. मी ग्रुपवर मागे मागे गेले, मागच्या कापणीपर्यंत. तिथे ते माझे टाळ्या वाजवणारे हात अजून तसेच होते. त्यांच्या वर दत्ताचं "मावशीचं ऐका". त्यानंतर मी ती फीत कधीच लावली नव्हती. सुनेने सांगितलं तेवढं पुरेसं होतं. पण मावशीने स्वतः काय म्हटलं होतं, ते मी आजवर ऐकलेलंच नव्हतं. दार लावून घेतलं आणि फोन मशीनपाशी धरला.

धप् धप्. त्याच्यावर मावशीचा आवाज, जरासा चिरका, खळ्यावरून बोलतात तसा चढा. "शुभे, सलमे, अगं इळा बसला बगा अंगठ्याव. टाकं पडल्यात. लय ठनकतंय. भाकरी औंदा सून थापंल, वाकडी तिकडी झाली तर नावं ठिवू नगा. पन नव्याला याच. तुमी आल्याबिगार मला नवं ग्वाड लागत न्हाई." मग ठेका थांबला. कोणीतरी पेंढी बदलत असणार. आणि फोनपासून लांब गेलेला मावशीचा आवाज, आता खालचा, मला उद्देशून नसलेला.

"झालं का रं दत्ता? आन शुभाला ह्ये लिवून धाड. तिला बोल्ल्यालं ऐकू येत न्हाई. पन तुला ठावं हाय असं दावू नगंस. लाजंल ती."

आणि दत्ताचा आवाज, "म्हाईत हाय आमाला."

धप् धप्. फीत संपली.

लिहून धाडायचं तो विसरला असेल. घाईत तशीच ग्रुपवर टाकली असेल. शेवटचं कापलं का नाही? की त्याला खात्री होती, कापायची गरजच नाही? मावशीने कधी ओळखलं कोण जाणे. मागून हाक मारली असेल, मी वळले नसेन. दत्ताने ओळखलं, सलमाने ओळखलं. "आता नाही आवडत तो इतका." वायरीशी खेळत म्हणालेली सलमा. मी ग्रुपवर आणखी मागे गेले. एकामागून एक माणूस, आणि प्रत्येकजण अंगठ्याचा. वेचून वेचून अंगठ्याचे. माझ्यासाठी त्या दोघांनी बोटांच्या गप्पा ऐकणं सोडून दिलं होतं आणि मी त्यांच्या आवडी आटल्या म्हणून हळहळत होते.

मला लाज वाटली. मावशी म्हणाली होती तशीच, अगदी. बहिरेपणाची नव्हे; ती तर एका रात्रीत फारच किरकोळ होऊन बसली. इतकी माणसं माझ्यासाठी हळूच, चवड्यांवर चालत होती, आणि मला वाटत होतं की मीच सगळ्यांना फसवतेय. मी ती फीत पुन्हा लावली. नंतर पुन्हा.

मग त्या वर्षभर जुन्या निरोपाखाली लिहिलं, "मावशी, घावलं."

आणि सलमाला वेगळं लिहिलं: "रविवारी रेशीमभाऊला आण. मशीन लावलंय, पण तो मला अजून ऐकू येत नाही. तुम्ही दोघं ऐका. मी बसते."